जमिनीखालचे बारा फूट

मंडळी, जमिनीवरच्या स्टेशनात फलाट वाढवायचा तर शेजारची जागा घेता येते, भिंत पाडता येते. जमिनीखाली काय करणार? दोन्ही बाजूंना माती, डोक्यावर शहर आणि गाड्या रोज चालू.

लंडनचं बघा. १८९० मध्ये तिथं विजेवर धावणारी जगातली पहिली खोल भुयारी रेल्वे सुरू झाली. १९०० मध्ये ती बँक स्टेशनात आली, १९०१ मध्ये एंजलला. एंजलला एकाच बोगद्यात दोन रूळ आणि मधे एकच फलाट. रुंदी जेमतेम १२ फूट! गर्दीत पाय घसरला तर डावीकडेही रूळ, उजवीकडेही रूळ.

लोकांनी हे ९० वर्षं सोसलं. १९९२ मध्ये तोडगा पूर्ण झाला, तो मात्र डोकेबाज होता. एका दिशेच्या गाड्यांसाठी शेजारून नवा बोगदा खणला, त्यात नवा फलाट केला. जुन्या रुळाची खाच बुजवली आणि १२ फुटी फलाट ऐसपैस झाला.

बँक स्टेशनातही तीच युक्ती. दक्षिणेकडच्या गाड्या नव्या बोगद्यात नेल्या. जुन्यातले रूळ काढून तिथं माणसांना चालायला रुंद वाट केली. नवा बोगदा जुन्या मार्गाला जोडायला २०२२ मध्ये लाइनीचा तो भाग १७ आठवडे बंद ठेवावा लागला. खर्च सुमारे ७० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दरानं आपले जवळपास सात हजार कोटी रुपये. एका स्टेशनासाठी! आणि त्याच लाइनीवरची क्लॅपहॅम नॉर्थ, क्लॅपहॅम कॉमन ही स्टेशनं अजून तसल्याच चिंचोळ्या फलाटावर चाललीत.

हे आज सांगायचं कारण? मुंबईची मेट्रो ३ जवळजवळ सगळी जमिनीखाली आहे. पुण्यात स्वारगेटपुढं कात्रजपर्यंत भुयारी मार्ग होऊ घातलाय. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या चिंचोळ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तो पूल तर जमिनीवर, उघड्यावर होता. तरी वेळेत रुंद झाला नाही.

म्हणून उद्घाटनाची तारीख विचारण्याआधी फलाटाची रुंदी विचारा. पन्नास वर्षांनंतरची गर्दी धरली आहे का, विचारा. नकाशावरची रेघ आज रबरानं पुसता येते. उद्या त्याच रेघेसाठी शहराखाली पुन्हा बोगदा खणावा लागेल.