क्रोन विकार आणि आतड्याचा क्षय

लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या सांध्याजवळ बहुधा होणारे, वरकरणी सारखे दिसणारे दोन आजार. पोटात कळा, जुलाब, बारीक ताप, वजन घटणे, आतडे अरुंद होऊन पोट फुगणे ही लक्षणे दोन्हींत असतात. क्षय जंतूमुळे होतो व औषधाने बरा होतो. क्रोनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तो आटोक्यात राहतो, पण सहसा पूर्ण जात नाही.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझील यांनी १९१३ मध्ये अशा आतड्यांचे वर्णन केले. ती क्षयासारखी दिसत होती, पण क्षयाचे जंतू सापडेनात. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवरून हा स्वतंत्र आजार असल्याचे मांडले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापल्यामुळे आजाराला क्रोन यांचे नाव मिळाले.

अमेरिकेतल्या वैद्याला क्षय क्वचितच आठवावा लागतो. आपल्याकडे तो आधी आठवावा लागतो. दुर्बिणीच्या तपासणीत क्षयाचे व्रण बहुधा आडवे, क्रोनचे उभे दिसतात. तुकडा काढून तपासला तरी जंतू अनेकदा हाती लागत नाहीत. मग क्षयाची औषधे सुरू करून दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात: व्रण भरले तर क्षय. उलट क्रोन समजून स्टेरॉइड दिले आणि आत क्षय असला, तर तो फोफावतो. चूक इथेच जिवावर बेतते.

बीड जिल्ह्यात या निदानाला आणखी एक अडचण आहे. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि ऊसतोडणीचा हंगामही जवळपास तेवढाच. आगाऊ उचल घेतलेले ऊसतोड जोडपे मुकादमामागे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. दुसरी दुर्बीण राहून जाते, गोळ्याही सुटतात. जिल्ह्यातील अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून चालू आहे, पण फडावरून तिथवर परतायचे तर मजुरी बुडते. दोष रुग्णाच्या हलगर्जीपणाला देणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. हंगामाला निघण्यापूर्वी तो क्रमांक व तपासणीचे कागद सोबत घ्यावेत आणि जाण्याचे गाव दवाखान्यात सांगावे. त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या गावी पुढे चालू ठेवता येतो.