आधी बाहेर पडायचं दार बघा

परवा आमच्या मंडळाची बैठक झाली. मंडळ म्हणजे आम्ही पाच जण: मी आणि धाकटा भाऊ पुण्यात, एक चुलत बहीण बंगळूरला, आतेभाऊ न्यू जर्सीत आणि आत्या चिपळूणला. काम एकच. पणजोबांच्या पेटीतली मोडी पत्रं आत्यानं वाचायची, आम्ही ती देवनागरीत टंकायची. बैठकीचा विषय मात्र पत्रं नव्हता, तर हे सगळं ठेवायचं कुठे, हा होता. एकाला रंगीत तक्ते हवेत, एकीला फोनवर चालणारं हवं, न्यू जर्सीकराला 'ऑफिसात वापरतो तेच' हवं. अर्धा तास भांडून झाल्यावर आत्या म्हणाली, "मागच्या वेळचं काय झालं ते आठवतंय ना?"

सगळे गप्प.

मागच्या वेळी आम्ही एका फुकट सेवेवर सगळं चढवलं होतं. ती सेवा बंद झाली. आगाऊ सूचना ज्या पत्त्यावर आली, तो पत्ता आमच्यापैकी कोणी उघडतच नव्हतं. चाळीसेक पत्रांचं वाचन गेलं. पत्रं पेटीत आहेत, पण आत्याची नजर आता पहिल्यासारखी नाही.

त्या रात्री मला लिनक्सची गोष्ट आठवली. संगणकवाल्यांना ती पाठ असेल, त्यांनी पुढचं थोडं गाळलं तरी चालेल :)

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. जगभरातले लोक त्यात सुधारणा करून ई-मेलनं पाठवत आणि लिनस त्या स्वतः जोडत असे. माणसं वाढली तसा एकट्या माणसावर भार पडला. १९९८ साली तर पाठवलेल्या सुधारणा मध्येच हरवतात म्हणून जोरदार वादावादी झाली. त्याच सुमारास लॅरी मॅकव्हॉय यांनी यावर उपाय म्हणून बिटकीपर नावाचं हत्यार बनवायला घेतलं. कोणी, कधी, काय बदललं याची ते नोंद ठेवी. फेब्रुवारी २००२ पासून लिनस ते वापरू लागला. काम झपाट्यानं होऊ लागलं.

लिनक्सच्या लोकांना ते फुकट होतं, पण मालकी कंपनीची होती. शिवाय अट अशी, की फुकट वापरणाऱ्यानं तसलंच दुसरं हत्यार बनवायचं नाही. काहींनी तेव्हाच नाकं मुरडली. लिनसचं म्हणणं, हत्यार चांगलं आहे ना, मग झालं! खरं सांगायचं तर आमच्या बैठकीतही सगळे हेच म्हणत होते.

२००५ साली ठिणगी पडली. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल, साम्बा या प्रणालीचे कर्ते, यांनी बिटकीपर न वापरता त्यातल्या नोंदी बाहेर काढता येतील असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. कंपनीला ते रुचलं नाही आणि एप्रिलमध्ये फुकट आवृत्ती मागे घेत असल्याचं जाहीर झालं. कोण चूक, कोण बरोबर यावर लोक आजही वाद घालतात. पण शेकडो माणसांचं बिऱ्हाड हलवायची वेळ आली, हे खरं.

लिनसनं ३ एप्रिलला स्वतःच नवं हत्यार लिहायला घेतलं. त्याचं नाव गिट. ७ एप्रिलला गिटचं काम गिटमध्येच ठेवलं जाऊ लागलं आणि जूनमध्ये आलेली लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती त्याच्याच आधारानं निघाली. जुलैत त्यानं ते जुनिओ हामानो यांच्या हाती सोपवलं. गिटमध्ये साधारणपणे प्रत्येकाच्या संगणकावर कामाची पहिल्या दिवसापासूनची पूर्ण प्रत असते. ही कल्पना बिटकीपरमध्येही होती. फरक इतकाच, की इथे हत्यारही सगळ्यांचं होतं. गंमत म्हणजे २०१६ साली बिटकीपरही सर्वांसाठी खुलं झालं, पण तोवर जग गिटकडे गेलं होतं.

लिनसला हत्यार घडवता येत होतं, म्हणून निभावलं. आपल्याला कुठलं येतंय! घर भाड्यानं घेताना आपण अकरा महिन्यांचा करार दहादा वाचतो, पण फुकटच्या बिऱ्हाडात अख्खी पेटी नेऊन ठेवताना 'निघायची वेळ आली तर सामान कसं काढायचं?' हे विचारत नाही. सोयी किती हे नंतर बघावं, आधी हे विचारावं.

दुसऱ्या बैठकीत ठरलं ते असं. एका पत्राची एक साधी मजकूर-फाईल, तिला पेटीतला क्रमांक. पाचापैकी चौघांच्या संगणकावर सगळ्याची पूर्ण प्रत. पाचवी आत्या, तिला महिन्याअखेर मोठ्या टायपात छापून पोस्टानं. रंगीत तक्ते नाहीत, म्हणून बहीण थोडी खट्टू आहे. असो.

पत्र क्रमांक १ पुन्हा सुरू झालंय. आत्याला भिंग लागतं, दिवसाला चार ओळी होतात.

आणि नातेवाईक मंडळी, एक विनंती. मागच्या वेळी काही पत्रांचं वाचन आम्ही तुमच्यापैकी काहींना ई-मेलनं पाठवलं होतं. जुन्या मेलमध्ये जरा शोधाल का? एक जरी सापडलं, तरी आत्याचे आठ दिवस वाचतील.