शिंपल्यांचं दुकान ते बोडोची खाडी

पेट्रोल पंपावरचा तो पिवळा-लाल शिंपला पाहिलाय ना? शेलचे संस्थापक मार्कस सॅम्युएल यांचे वडील लंडनमध्ये खरोखरच शंखशिंपले विकायचे. मुलाने 1892 मध्ये रॉकेलने भरलेलं ‘म्युरेक्स’ जहाज सुएझ कालव्यातून पाठवलं, नावसुद्धा शंखाचंच! आजोबांच्या तोंडून ‘बर्मा-शेल’ ऐकलं असेल, त्यातलं शेल ते हेच.

आता नायजेरियातलं बोडो गाव. 2008 मध्ये शेलच्या तिथल्या कंपनीची पाइपलाइन दोनदा फुटली. आमच्याकडे सर्व्हर पाच मिनिटं पडला तरी अलर्ट वाजतात. इथे तेल कित्येक आठवडे खाडीत वाहत होतं. खारफुटी करपली, मासे गेले, लोक चिखलातून वेचायचे ते शंखशिंपलेही गेले. लंडनच्या कोर्टात खटला गेला आणि 2015 मध्ये 5.5 कोटी पौंडांवर तडजोड झाली. खाडीची सफाई मात्र त्यानंतरही रखडलीच.