ऐतिहासिक निवासस्थानातील हस्तरंजित मुद्राचित्रांचे जतन : सर जॉन सोन यांच्या घराच्या संदर्भात

लंडनमधील १३, लिंकन्स इन फील्ड्स हे वास्तुविशारद सर जॉन सोन (१७५३-१८३७) यांचे निवासस्थान होय. १८३३ च्या कायद्यान्वये हे घर सोन यांच्या मृत्यूसमयी होते तसेच शक्यतो राखणे बंधनकारक ठरले. तेथील न्याहारीच्या दालनात हस्तरंजित मुद्राचित्रे आहेत. १७७७ साली रोममधील व्हिला नेग्रोनी येथे सापडलेल्या प्राचीन भित्तिचित्रांवरून अँजेलो कॅम्पानेला प्रभृतींनी ती ताम्रपटावर कोरली. मूळ भित्तिचित्रे आज उपलब्ध नसल्याने त्यांच्या रंगसंगतीच्या अभ्यासासाठी ही मुद्राचित्रे महत्त्वाचे साधन ठरतात.

अशा चित्रांत रेषा तेवढी छापील असते. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेला असतो. छपाईची तैलयुक्त शाई टिकाऊ असते. याउलट डिंकात कालवलेले जलरंग पाण्याने विरघळतात व त्यांतील वनस्पतिजन्य रंग उजेडाने उडतात. त्यामुळे साध्या मुद्राचित्रांचा पिवळेपणा घालविणारी धुलाई येथे घातक ठरते. प्रकाशामुळे होणारी हानी साचत जाते. म्हणूनच अशा चित्रांसाठी सुमारे ५० लक्सची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते.

परंतु घुमटातून येणारा व आरशांतून खेळणारा प्रकाश हाच या दालनाच्या रचनेचा प्राण आहे. चित्रे हलविल्यास मांडणी भंगते. न हलविल्यास रंग जातात. अतिनील किरण रोखणारी काच, अभ्यागत नसताना पडदे आणि आम्लविरहित पुठ्ठा हे प्राथमिक उपाय होत. ते अपुरे पडल्यास मूळ चित्र अंधारात ठेवून भिंतीवर प्रतिकृती लावणे इष्ट. कारण मांडणी पुन्हा उभारता येते, उडालेला रंग परत आणता येत नाही.