कृत्रिम हिम ‘सर्वप्रथम’ कुणी बनवलं? एका फसलेल्या वाक्याची गोष्ट

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की एक प्रश्न हमखास सुचतो: अमुक गोष्ट सर्वप्रथम कुणी केली? सोपा वाटतो, उत्तरही पटकन मिळतं. मीही त्यात अडकले होते.

झालं असं. अमेरिका-कॅनडाच्या थंड भागांत काही हौशी लोक घराच्या परसातच हिम तयार करतात. प्रेशर वॉशर, हवेचा कॉम्प्रेसर आणि दोन-चार नोझल एवढंच सामान. कडाक्याच्या थंडीत रात्रभर यंत्र चालवायचं आणि सकाळी त्या ढिगाऱ्यावरून स्की किंवा स्नोबोर्डवर घसरायचं. या तंत्राचा इतिहास मी टिपणात एका ओळीत उरकला: ‘कृत्रिम हिम सर्वप्रथम १९५० साली अमेरिकेत बनलं.’ गाइड सरांनी समासात एवढंच लिहिलं: ‘हिम म्हणजे? बनलं म्हणजे?’

आधी वाटलं, सर उगाच शब्दांचा कीस काढतायत. पण शोधायला लागले आणि एकाऐवजी चार उत्तरं हाती आली.

पहिलं उत्तर जपानमधलं. १९३६ साली होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी शीतकक्षात सशाच्या केसावर हिमाचा स्फटिक वाढवला. पाण्याच्या वाफेपासून झालेला, निसर्गातल्यासारखाच. पण स्फटिकावर कुणी स्की करत नाही.

दुसरं कॅनडातलं. १९४० च्या दशकात टोरोंटोजवळच्या प्रयोगशाळेत रे रिंगर आणि त्यांचे सहकारी विमानाच्या जेट इंजिनावर बर्फ कसा साचतो ते तपासत होते. वाऱ्याच्या बोगद्यात पाणी फवारलं, तर हवा होता तो बर्फ जमेना, भलतंच हिम पडायला लागलं. त्यांच्या दृष्टीने ती अडचण होती. काम थांबवून फावड्याने हिम उपसावं लागायचं!

तिसरं अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं. १९४९-५० च्या हिवाळ्यात तिथे फारसं हिम पडलंच नाही. मोहॉक माउंटन या स्की केंद्राचे मालक वॉल्ट शोएनक्नेख्ट यांनी शेकडो टन बर्फ आणून, चुरा करून उतारावर पसरला. म्हणजे आपल्या बर्फाच्या गोळ्यातला चुरा, फक्त डोंगरभर. स्की झालं, पण त्याला हिम म्हणायचं का?

चौथं उत्तर त्याच राज्यातलं, त्याच हिवाळ्यातलं. मिलफर्ड गावात वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची यांची टे मॅन्युफॅक्चरिंग ही स्की बनवणारी कंपनी होती. हिम नाही म्हणजे स्कीला गिऱ्हाईक नाही. मार्च १९५० मध्ये पिअर्स यांना कल्पना सुचली. रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेला पाणी घालायचा पाइप जोडून त्यांनी थंड हवेत पाणी उडवलं. दाबाखालची हवा मोकळी होताना पसरते आणि एकदम गार होते. त्यात पाण्याचे बारीक तुषार होतात, काही तिथल्या तिथे गोठतात आणि बाकीच्या थेंबांना गोठायला बीज मिळतं. हवा कोरडी असेल तर आणखी चांगलं: माठातलं पाणी गार होतं तसंच थेंबातलं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं जास्त थंड होतं. आजची परसातली यंत्रं हेच करतात. पण भिंगाखाली पाहिलं तर हे सहा पाकळ्यांचे स्फटिक नसतात, गोठलेले गोल थेंब असतात.

आता सांगा, सर्वप्रथम कोण? ‘हिम’ म्हणजे स्फटिक असेल तर नाकाया. ‘बनलं’ यात चुकून बनलेलंही धरलं तर रिंगर. नुसतं घसरता यावं एवढंच हवं असेल तर शोएनक्नेख्ट. घसरण्यासाठी मुद्दाम यंत्राने गोठवलेलं पाणी, असं म्हटलं तर पिअर्स.

बरं, या शेवटच्या उत्तरातही मेख आहे. गोष्ट सांगताना तिघांची नावं येतात, १९५४ साली मिळालेल्या पेटंटवर मात्र संशोधक म्हणून एकट्या पिअर्स यांचं नाव आहे. मग कुणी खोटं बोलतंय का? तसं नाही. पेटंट हा हक्क सांगणारा कागद असतो. त्या थंडीत पाइप कुणी धरला होता, हे सांगायला तो लिहिलेला नसतो. कुठलंही साधन वाचताना ते कुणी, कशासाठी तयार केलं हे आधी विचारा.

शेवटी मी माझी ओळ खोडली आणि प्रश्न असा लिहिला: ‘१९५० च्या सुमारास आभाळातून पडणारं हिम बनवून घ्यायची वस्तू का झाली?’ आता चारही उत्तरं कामाला आली. लगेच दिसलं की कॅनडातल्या प्रयोगशाळेला हिम नको होतं, म्हणून त्यांनी ते उपसून टाकलं. स्की विकणाऱ्यांना हवं होतं, म्हणून त्यांनी पेटंट घेतलं. तोच प्रश्न पुढेही नेतो: १९५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रॉसिंगर्स रिसॉर्टपर्यंत, १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकपर्यंत आणि जवळजवळ सगळं हिम यंत्राचं असलेल्या २०२२ च्या बीजिंगपर्यंत.

तुमच्या आराखड्यात ‘सर्वप्रथम’, ‘आद्य’, ‘जनक’ असले शब्द असतील तर आज एकदा त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. प्रत्येकापुढे ‘म्हणजे?’ लिहा आणि उत्तर देऊन बघा. माझा अख्खा आठवडा गेला, पण पहिलं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं.