चार्ल्स लीव्हर : लोकप्रियतेचे ऋण

लोकप्रियता किती चंचल असते, हे पाहावयाचे असल्यास चार्ल्स लीव्हर या आयरिश कादंबरीकाराचे चरित्र पाहावे. १८०६ साली डब्लिन येथे जन्मलेला हा डॉक्टर १८३७ पासून 'डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझिन'मध्ये 'हॅरी लॉरिकर'च्या गमती लिहू लागला आणि पाहता पाहता घरोघर पोहोचला. 'चार्ल्स ओमॅली'तील घोडदौडी व लढाया वाचकांनी डोक्यावर घेतल्या. मायदेशी मात्र आक्षेप आला की, हा आयरिश मनुष्यास विदूषक करून परक्यांपुढे नाचवितो. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पुढे १८६० साली डिकन्सच्या साप्ताहिकात त्याची 'अ डेज राइड' सुरू होताच खप घसरला. तो सावरण्यासाठी डिकन्सला स्वतःची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' तेथे छापावी लागली! वस्तुतः लीव्हरची उत्तरकालीन लेखणी अधिक विचारी झाली होती. वाचकांस मात्र जुना लॉरिकरच हवा होता. १८७२ साली ट्रिएस्ट येथे ब्रिटिश कॉन्सलच्या पदावर असताना तो वारला. लेखक वाढत असता त्यास जुन्याच वेषात उभे करणे हा अन्याय होय. तो आपण आपल्या लेखकांवर करू नये, एवढेच सुचवून आम्ही वाचकांची रजा घेतो.