नाविक द्विनेत्री दुर्बिणींच्या प्रतिकृती

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत आरमारी आणि व्यापारी जहाजांवर वापरल्या गेलेल्या द्विनेत्री दुर्बिणींच्या धर्तीवर अलीकडच्या काळात बनवलेल्या शोभेच्या दुर्बिणींना नाविक द्विनेत्री दुर्बिणींच्या प्रतिकृती असे म्हणतात. या बहुधा पितळेच्या असतात. चामड्याचे वेष्टन, लाकडी ट्रायपॉड किंवा मखमली अस्तराची पेटी यांसह त्या विकल्या जातात. दिवाणखाने, हॉटेले व कार्यालये सजवण्यासाठी त्यांना जगभर मागणी आहे. प्रतिकृती म्हणून विकलेली प्रतिकृती ही एक सरळ हस्तव्यवसायाची वस्तू होय. मात्र तिच्यावर जुन्या कारखान्याचे नाव व जुना सन कोरलेला असला, की संग्राहकापुढे खऱ्याखोट्याचा प्रश्न उभा राहतो.

मूळ उपकरण

हान्स लिपरशे याने १६०८ मध्ये दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हाच नेदरलँड्सच्या शासनाने त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशा उपकरणाची मागणी केली होती. तरीही पुढील दोन शतके समुद्रावर एकनळी दुर्बीणच चालली. १८०५ मधील ट्रॅफल्गारच्या लढाईत अधिकाऱ्यांच्या हाती होती ती एकनळीच. त्यामुळे नेल्सनच्या काळातील म्हणून दाखवली जाणारी द्विनेत्री दुर्बीण पाहताक्षणीच संशयास्पद ठरते.

एकोणिसाव्या शतकात प्रचारात आलेल्या द्विनेत्री दुर्बिणी गॅलिलिओच्या रचनेच्या होत्या. पुढे बहिर्गोल भिंग व डोळ्याजवळ अंतर्गोल भिंग अशी ही साधी मांडणी. तिने प्रतिमा सुलटी दिसते, पण विवर्धन कमी व दृष्टिक्षेत्र अरुंद राहते. इग्नात्सिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ मध्ये लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा सुलटी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्या तत्त्वावरील दर्जेदार दुर्बिणी जर्मनीतील येना येथील कार्ल त्साइस कंपनीने १८९४ पासून बाजारात आणल्या. १९०५ मधील त्सुशिमाच्या लढाईत जपानी आरमारप्रमुख अ‍ॅडमिरल तोगो यांच्याजवळ त्साइसचीच दुर्बीण होती.

पुढे आरमारांत ७×५० हे माप सर्वाधिक रूढ झाले. ७ हे विवर्धन आणि ५० मिलिमीटर हा पुढील भिंगाचा व्यास. ५० ला ७ ने भागले असता सुमारे ७.१ मिलिमीटर येतात. दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी अंधारात विस्फारलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीएवढी असते. म्हणून रात्रीच्या पहाऱ्यासाठी हे माप सोयीचे ठरले. विवर्धन याहून फार वाढवले, तर हलत्या जहाजावर हातातील प्रतिमा स्थिर राहत नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून येणारी प्रकाशीय काच बंद झाल्याने दोस्त राष्ट्रांना दुर्बिणींची टंचाई भासली. अमेरिकी नौदलाने नागरिकांकडे त्यांच्या खासगी दुर्बिणी मागितल्या. फुकट देणगी स्वीकारणे कायद्यात बसत नसल्याने प्रत्येकी एक डॉलर भाडे देण्यात आले. नौदलाचे तत्कालीन सहसचिव फ्रँकलिन रूझवेल्ट हे या मोहिमेशी निगडित होते.

नावे व सन

प्रतिकृतींवर सर्रास आढळणारा एक मजकूर म्हणजे ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’. १९१७ मध्ये या नावाची कंपनीच नव्हती. ग्लासगो येथील केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड आणि लंडनमधील हेन्री ह्यूज अँड सन या तेव्हा स्वतंत्र कंपन्या होत्या. त्या एकत्र आल्या त्या १९४० च्या दशकात. म्हणजे एवढा एक सन पाहूनच वस्तूचा निकाल लागतो. ‘टायटॅनिक’ हे नावही असेच लोकप्रिय आहे. जहाजावरील पहारेकरी फ्रेडरिक फ्लीट याने १९१२ च्या चौकशीत आपल्याजवळ दुर्बीण नव्हती असे सांगितले होते. तेथे नसलेल्या दुर्बिणीच्या स्मृत्यर्थ दुर्बिणी विकल्या जाव्यात, हा या व्यापारातील एक विनोदच म्हणावा लागेल.

खऱ्या आरमारी दुर्बिणीवरील खुणा याउलट रूक्ष असतात. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाचे चिन्ह, तसेच नमुना क्रमांक व अनुक्रमांक आढळतात. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन दुर्बिणींवर बहुधा कारखान्याच्या नावाऐवजी तीन अक्षरी सांकेतिक खूण असे. येना येथील त्साइससाठी ‘बीएलसी’ आणि वेट्झलर येथील लाइट्झसाठी ‘बीईएच’ या त्यांपैकी दोन होत. ठसठशीत, नक्षीदार नाव दिसले तर सावध व्हावे.

चकाकणारे पितळ हीदेखील आजची आवड आहे. युद्धनौकेवर चमकणारी वस्तू गैरसोयीची, म्हणून मूळ दुर्बिणी बहुधा काळ्या रंगाच्या किंवा गडद वेष्टनाच्या असत. हल्ली काही अस्सल मोठ्या दुर्बिणींचाही मूळ रंग खरवडून त्या लखलखीत केल्या जातात व उंची सजावटीसाठी चढ्या किमतीला विकल्या जातात. अशी वस्तू खरी असली तरी तिच्या इतिहासाचा पुरावा मात्र त्या रंगाबरोबर जातो. काटेकोर संग्राहक त्यापेक्षा ओरखडे असलेली, न घासलेली दुर्बीण पसंत करतात.

प्रकाशीय परीक्षा अधिक खात्रीची असते. दुर्बीण उजेडाकडे धरून नेत्रिकेपासून हातभर अंतरावरून पाहिल्यास लोलकांच्या दुर्बिणीत नेत्रिकेपुढे तरंगणारा लहानसा उजळ गोल दिसतो. गॅलिलिओच्या रचनेत तो तसा दिसत नाही. बाहेरून लोलकांची घडण आणि आत साधी भिंगे, असे आढळल्यास ती वस्तू केवळ शोभेची समजावी. दोन्ही नळ्या समांतर नसल्यास दोन प्रतिमा दिसतात व थोड्याच वेळात डोळे दुखू लागतात. स्वस्त प्रतिकृतींत हा दोष पुष्कळदा असतो.

भारतातील उत्पादन व बाजार

पितळी नाविक उपकरणांच्या प्रतिकृतींचे उत्तराखंडमधील रुडकी हे एक प्रमुख केंद्र आहे. गंगा कालव्याचे काम आणि १८४७ मध्ये स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे तेथे सर्वेक्षणाची उपकरणे बनवण्याचे कौशल्य रुजले. सेक्स्टंट, होकायंत्रे व दुर्बिणींच्या शोभेच्या प्रतींना याच कौशल्याचा आधार मिळाला. येथील माल परदेशांत जातो. लंडनचे नाव कोरलेली रुडकीची दुर्बीण परदेशी पर्यटक मायदेशी घेऊन जातो, असेही घडते.

मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर जहाजांवरून उतरवलेल्या खऱ्या वस्तू आणि नव्या प्रतिकृती शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. गुजरातमधील अलंग व मुंबईतील दारूखाना येथे जुनी जहाजे तोडली जातात. त्यामुळे ‘जहाजातून निघालेली’ ही विक्रेत्याची ग्वाही खरीही असू शकते, पण केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. पहिल्या महायुद्धातील दुर्बिणींनी वयाची ही मर्यादा आता ओलांडली आहे. साहजिकच प्रतिकृतीवरील खोटा जुना सन तिच्या निर्यातीतही अडचण ठरू शकतो.

निगा

कोकण व मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेवर कायमचे डाग पाडू शकते. पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या पेटीत कोंडून न ठेवता सिलिका जेलसह कोरड्या, झाकणबंद डब्यात ठेवावी. चिंच किंवा लिंबू लावून पितळ उजळवण्याच्या घरगुती रीतीने संरक्षक लाखेचा थर निघून जातो. जुन्या दुर्बिणीच्या बाबतीत कोरलेल्या अक्षरांमधील रंगही जातो. खिडकीत ट्रायपॉडवर ठेवलेल्या दुर्बिणीची भिंगे झाकलेली असावीत, आणि तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये.